जावाची किल्ली

२०२४ च्या दसऱ्याआधी पाच दिवस माझ्या जावाच्या किल्ल्या हरवल्या. एका कडीत दोन होत्या. एक इंजिनाची, दुसरी हँडलच्या कुलपाची. आमच्याकडे खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजतात. वडिलांच्या काळात विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ असायचा. आता विळी, पाना, नातवाचा लॅपटॉप आणि गाडी. गाडी मागच्या अंगणात पत्र्याखाली उभी होती, मान डावीकडे वळवून, कुलूपबंद. पूजेसाठी तिला पुढच्या दारात आणायचं तर ढकलताही येईना. ढकलली की ती बैलासारखी जागच्या जागी गोल फिरायची.

शोधाशोध झाली. सदऱ्याचे खिसे झाले, पिशव्या झाल्या, देवघर झालं, फ्रीजचा माथा झाला (सत्तरी ओलांडली की बऱ्याच वस्तू तिथं सापडतात). नाहीच. मी शेजारच्या पोरांवर घसरायच्या बेतात होतो, तेवढ्यात सौ. म्हणाली, "त्या डबड्याची किल्ली नेऊन कोण काय करणार?"

हा प्रश्न मला १९७८ साली पडायला हवा होता. पडला नाही. ते पुढं सांगतो, आधी गाडीबद्दल.

ज्यांनी जुनी जावा पाहिली नाही त्यांच्यासाठी: अडीचशे सीसीचं, एकाच सिलिंडरचं पण दोन्ही बाजूंना एकेक सायलेन्सर असलेलं, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारं हे यंत्र. किक आणि गिअरचा दांडा एकच. आत दाबून मागं उभा केला की किक, किक मारून परत पुढं आणला की गिअर. नवख्या माणसाला हे समजावण्यात माझी अर्धी नोकरी गेली असेल. माझी गाडी १९६७ सालची. मी ती १९७६ मध्ये पाटबंधारे खात्यातल्या एका ओव्हरसियरकडून अडीच हजाराला घेतली, पतपेढीचं कर्ज काढून. पगार तेव्हा साडेतीनशेच्या आसपास होता. मांजरसुंब्याचा घाट ती दुसऱ्या गिअरमध्ये चढायची आणि मागं निळसर धुराची शेपटी सोडायची. घाटात एस.टी.ला मागं टाकलं की मास्तरकी विसरायला व्हायचं.

जावा हे नाव कुठून आलं याची मजेदार हकीकत आहे. आमच्या शिक्षक-खोलीत एकजण छातीठोकपणे सांगायचे की गाडी जावा बेटावरून येते. तसं काही नाही. प्राग शहरात फ्रांतिशेक यानेचेक नावाचा एक इंजिनिअर होता. त्याचा मूळ धंदा शस्त्रांचा. हातबाँब आणि मशीनगन यांच्यात त्याचं डोकं चालायचं. पहिलं महायुद्ध संपलं, सैन्याची मागणी हळूहळू आटली आणि कारखाना चालवायचा तर दुसरं काहीतरी बनवायला हवं, अशी वेळ आली. जर्मनीतल्या वाँडरर कंपनीच्या मोटरसायकलचे हक्क त्यानं विकत घेतले आणि १९२९ मध्ये पहिली गाडी काढली. आपल्या आडनावाची पहिली दोन रोमन अक्षरं आणि वाँडररची पहिली दोन, झालं नाव तयार. चेक माणसं त्याचा उच्चार 'यावा' करतात. आपण अक्षर पाहून 'जावा' केलं.

म्हणजे बाँब करणाऱ्यानं गाड्या केल्या. यात तो एकटा नव्हता म्हणा. बुलेटच्या जुन्या खुणेत तोफ असते ती उगाच नाही. इंग्लंडमधली ती कंपनी एनफिल्डच्या सरकारी बंदूक कारखान्याला सुटे भाग पुरवायची, नावही तिथूनच आलं.

आपल्याकडं म्हैसूरला इराणी मंडळींनी आयडियल जावा नावाची कंपनी काढली आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. आधी जावा, मग १९७३ पासून येझदी. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. २०१८ मध्ये जावा हे नाव नव्या कंपनीनं पुन्हा बाजारात आणलं, येझदी २०२२ मध्ये. नवी गाडी मी शोरूमला जाऊन पाहिली. छान आहे. किक मात्र नाही.

आता किल्ली. जुन्या जावाच्या इंजिनाच्या किल्लीला दाते नसतात. नीट वाचा, दाते नसतात. एक लोखंडी काडी, वर धरायला बोंड. हेडलाइटच्या डोक्यावरच्या स्विचमध्ये ती खुपसायची. आत गेली की बॅटरीचा प्रवाह कॉइलकडं जातो आणि ठिणगी पडू शकते. एवढंच तिचं काम. त्यामुळं एका जावाची किल्ली दुसऱ्या जावाला चालते, तिसऱ्या जावाला चालते, प्रागमधल्या गाडीची बीडमधल्या गाडीला चालते. किल्ली नसेल तर योग्य जाडीचा खिळाही चालतो.

आजच्या माणसाला हा मूर्खपणा वाटेल. पण त्या काळी बजाजच्या स्कूटरला इंजिन सुरू करायला किल्लीच नव्हती. मॅग्नेटोवर ठिणगी पडायची, कोणीही किक मारावी आणि जावं. किल्ली असायची ती हँडलच्या कुलपाला. इंग्लंडच्या जुन्या मोटरसायकलींना दातेवाल्या किल्ल्या होत्या, तरी त्यांच्या स्विचच्या तोंडावर किल्लीचा नंबर ठोकलेला असायचा आणि एकेका मालिकेत मोजकेच नमुने असायचे. नंबर वाचा, दुकानात जा, किल्ली घ्या. मालकाची सोय आणि चोराचीही.

इंजिनाची किल्ली ही घराच्या कडीसारखी होती. कडी लावली म्हणजे घरात कोणी नाही हे कळतं, चोर अडत नाही. गावात गाडी एक, ती मास्तरांची. ती दुसऱ्या कोणाच्या ढुंगणाखाली दिसली तर पाच मैलांवरचा गुराखीही विचारणार, मास्तर कुठायत? खरं कुलूप हे होतं. आमच्या शेजारच्या जिल्ह्यात शनिशिंगणापूर आहे, तिथं घरांना दारंच नाहीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. २०११ मध्ये तिथं युको बँकेनं बिनकुलपाची शाखा उघडली तेव्हा वर्तमानपत्रांत मोठं कौतुक झालं. काचेच्या दाराला बाहेरून न दिसणारं विजेचं कुलूप होतं, हे त्याच बातम्यांत खाली बारीक छापलेलं होतं.

असो. १९७८ कडं येतो. टाळण्यासारखं आहे, पण किल्लीचा विषय काढला आणि हे गाळलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

तेव्हा मी केज तालुक्यातल्या एका शाळेवर होतो. दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली होती. गावाबाहेर ओढ्याकाठी चार-पाच पालं पडली होती. डोक्याला पटका, दाढी, हातात लोखंडी कडं. माणसं बादल्यांना बुडं बसवायची, विळे-झारे करायची, बाजाराच्या दिवशी कुलपांना किल्ल्या करून द्यायची. गावात त्यांना कोणी सरदारजी म्हणायचं, कोणी शिकलकरी. त्यांच्यातला एक मुलगा सातवीत आमच्याकडं येऊन बसू लागला. दाखला वगैरे काही नव्हता, हेडमास्तरांनी बसू दिलं एवढंच. केसांचा बुचडा, त्यावर पांढरा रुमाल. पेन्सिलीला टोक करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पंधरा दिवसांत अर्धा वर्ग आपापल्या पेन्सिली त्याच्याकडं देऊ लागला. त्यानं केलेलं टोक सुईसारखं असायचं आणि मोडायचं नाही.

एके दिवशी मी इंजिनाची किल्ली टेबलावर ठेवली. निदान ठेवली असं मला वाटलं. मधल्या सुट्टीनंतर पाहतो तर नाही. वर्गात विचारलं. कोणी बोलेना. मग मागून एक पोरगं म्हणालं, "सर, त्याच्या बापाचा धंदाच किल्ल्यांचा आहे."

हे वाक्य माझं नव्हतं. पण मी ते खोडलं नाही. शिपायाला बोलावलं आणि त्यानं सगळ्या वर्गासमोर त्या मुलाची पिशवी जमिनीवर उलटी केली. दोन वह्या, फडक्यात बांधलेली अर्धी भाकरी आणि कानशीचा एक मोडका तुकडा. तो तुकडा पाहून शिपायानं माझ्याकडं पाहिलं, मी शिपायाकडं. मुलगा म्हणाला, पेन्सिलीला आहे. ते शब्दशः खरं होतं, रोज डोळ्यांसमोर घडत होतं. तरी त्याला शाळा सुटेपर्यंत हेडमास्तरांच्या खोलीबाहेर उभं केलं.

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील आले. वर्गात आले नाहीत, उंबऱ्याबाहेर उभे राहिले. हात जोडले आणि म्हणाले, "गुरुजी, आम्ही किल्ली करतो. आम्हाला चोरायची काय गरज?"

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुधा दिलंच नाही. मुलगा परत आला नाही. आठवड्याभरात पालं उठली.

त्या दरम्यान माझी गाडी चालूच होती, हे लिहायचं राहिलं. किल्ली गेली त्याच संध्याकाळी केजच्या फिटरनं मला एक खिळा घासून दिला होता. दोन महिने मी त्या खिळ्यावर घर-शाळा करत होतो. रोज सकाळी खिळा खुपसत होतो आणि रोज ते पोरगं चोर आहे असं मानत होतो. जिथं खिळा चालतो तिथली किल्ली कोणी कशाला चोरेल, हा साधा विचार बी.ए. झालेल्या माणसाच्या डोक्यात आला नाही. संक्रांतीच्या सुमारास कोट धुवायला काढला तेव्हा अस्तराच्या फाटक्या शिवणीतून किल्ली खाली पडली. हेडमास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, "जाऊ द्या, मिळाली ना." वर्गाला मी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

आता परत २०२४. इंजिनाच्या किल्लीची मला चिंता नव्हती, प्रश्न हँडलच्या कुलपाचा होता. ती किल्ली मात्र दातेवाली, खरीखुरी. आमचा मेकॅनिक म्हणाला, ड्रिल मारून कुलूप उडवू. पण कुलूप मानेच्या लोखंडातच बसवलेलं असतं, ड्रिल जरा तिरकं गेलं तर सत्तावन्न वर्षांची मान खराब. नातवानं मोबाइलवर शोधून दिलं की नवं कुलूप किल्लीसकट घरपोच मिळतं. मिळतं, पण जुनं बाहेर काढल्याशिवाय नवं बसवणार कुठं? आणि जुनं बाहेर काढायला ते आधी उघडावं लागतं. शेवटी मेकॅनिकच म्हणाला, "बाजारात ते चावीवाले सरदारजी बसतात, त्यांना घरी घेऊन या."

गेलो. पन्नाशीचे गृहस्थ, लाकडी पेटीवर किल्ल्यांचे जुडगे टांगलेले, समोर लहानसा व्हाईस. माझं ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य बोलले, "गुरुजी, गाडीचं पुस्तक दाखवा."

मी गुरुजी आहे हे त्यांनी कशावरून ओळखलं कोण जाणे. धोतर-टोपी तर मी घालत नाही. मी म्हणालो, "अहो, माझ्याच घरी उभी आहे, येऊन बघा." तर म्हणाले, "घर तुमचं असंल. गाडी कोणाची ते पुस्तकात लिहिलेलं असतं. तुमच्या वयाकडं बघून कुलूप उघडलं, तर उद्या पोलीस माझ्या वयाकडं बघणार नाही."

खरं सांगतो, राग आला. बीड शहरात माझे विद्यार्थी वकील आहेत, डॉक्टर आहेत, आणि हा मला कागद मागतो. रिक्षात बसेपर्यंत राग टिकला. नंतर उतरला, आणि का उतरला ते वर लिहिलंच आहे.

पुस्तक आहे माझ्याकडं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून घेतलेलं, शिक्क्यांवर शिक्के. २०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी मिळू शकते. एका मित्रानं फार आग्रह केला. पण तशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, मिरवणूक-प्रदर्शनापुरतीच. मला तिच्यावरून भाजी आणायची असते, म्हणून नको म्हटलं.

पुस्तक पाहिलं, इंजिन नंबर ताडून पाहिला, मग सरदारजी कामाला बसले. पुढची पाऊण तास जे पाहिलं ते लिहून ठेवण्यासारखं आहे.

आधी पेट्रोलचा बोळा फिरवून कुलपाचं तोंड साफ केलं. माझ्याकडं पेन्सिल मागितली, तिचं शिसं कानशीवर घासून ती काळी भुकटी आत फुंकली. तेल नको म्हणाले, तेलावर धूळ बसते. मग दोन-अडीचशे कोऱ्या किल्ल्यांच्या जुडग्यातून एक काढली, आत घालून पाहिली, दुसरी, तिसरी. तिसरीची खाच जुळली. तिची कड कानशीनं घासून चकचकीत केली, आत घातली आणि जोर लावून थोडी डावी-उजवी दाबली. बाहेर काढून उन्हात तिरकी धरली. मला म्हणाले, "दिसतंय?" मला काही दिसेना. चष्मा पुसून पाहिलं तेव्हा कडेवर तीन बारीक ठिपके दिसले, मुंगीच्या पायांएवढे.

त्या ठिपक्यांत सगळं शास्त्र आहे. कुलपाच्या नळकांड्यात पितळी पातळ पत्र्या असतात, प्रत्येकीखाली स्प्रिंग. योग्य किल्ली गेली की सगळ्या पत्र्या एका पातळीत येतात आणि नळकांडं फिरतं. चुकीची गेली तर एखादी पत्री अडून बसते आणि जोर दिला की किल्लीला ओरखडा काढते. जिथं ओरखडा तिथं कानस एकदा ओढायची. परत आत, परत जोर, परत उन्हात. एखाद्या जागी ठिपका यायचा थांबला की ती जागा झाली, तिथं पुन्हा हात लावायचा नाही. एक ओढ जास्त झाली तर किल्ली फुकट, नवी घ्यायची. मला तर वह्या तपासण्यासारखं वाटलं. चुकलेल्या ठिकाणीच खूण होते, बरोबर असेल तिथं काही लिहीत नाही.

गंमत म्हणजे कुलूप स्वतःच सांगत असतं आपल्याला कशी किल्ली हवी ते. ऐकणारा हवा. १८५१ मध्ये लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात हॉब्ज नावाचा एक अमेरिकन कारागीर आला आणि त्यानं इंग्रजांची अभेद्य समजली जाणारी कुलपं उघडून दाखवली. चब कंपनीचं कुलूप अर्ध्या तासाच्या आत. ब्राम्हा कंपनीचं मात्र सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तासांनी. त्या कुलपावर दोनशे गिनींचं बक्षीस साठेक वर्षं लावून ठेवलेलं होतं, ते द्यावं लागलं. लंडनमध्ये गदारोळ उडाला की असल्या गोष्टी उघड कशाला बोलायच्या, चोर शिकतील. हॉब्जचं म्हणणं होतं की चोरांना आधीपासूनच ठाऊक असतं, ठाऊक नसतं ते कुलूप विकत घेणाऱ्याला. त्याला बक्षीस मिळालं, पुढं त्यानं लंडनमध्ये कुलपांचा कारखानाही काढला. आमच्या ओढ्याकाठच्या माणसाला तीच विद्या येत होती, तर आम्ही त्याच्या पोराची पिशवी उलटी केली.

कानस चालू असताना मी विचारलं, तुमचं मूळ गाव कुठलं? म्हणाले, नांदेड. मग हसून म्हणाले, "आमच्या सगळ्यांचंच नांदेड."

शिकलगार हा शब्द अरबी 'सैकल'वरून आला. सैकल म्हणजे हत्याराला घासूनपुसून लखलखीत करणं. जुन्या मराठीत तलवारीला शिकल करणारा तो शिकलगार. पश्चिम महाराष्ट्रात हे आडनाव मुसलमान घरांतही आहे, तेही याच कामामुळं. शिखांमधल्या शिकलगारांची परंपरा अशी सांगते की गुरूंच्या फौजेची शस्त्रं त्यांचे पूर्वज घडवत आणि हे नावही त्यांना गुरू गोविंदसिंगांनीच दिलं. गुरू गोविंदसिंग बादशहा बहादूरशहाबरोबर दक्षिणेत आले आणि १७०८ च्या ऑक्टोबरात नांदेडला त्यांचा शेवट झाला. तिथला हुजूर साहिब गुरुद्वारा पुढं महाराजा रणजितसिंगांनी बांधवला. त्या गुरुद्वाऱ्याच्या ओढीनं म्हणा, किंवा निजामाच्या मुलखात शस्त्रांना गिऱ्हाईक होतं म्हणून म्हणा, ही माणसं मराठवाड्यात रुजली.

पुढं गिऱ्हाईक गेलं. इंग्रजांच्या मुलखात १८७८ च्या शस्त्र कायद्यानं लोकांच्या हातातली हत्यारंच काढून घेतली. आमच्याकडं निजामाचं राज्य, त्यामुळं गोष्ट जरा लांबली. पण १७ सप्टेंबर १९४८ ला तेही संपलं, आणि १९५९ मध्ये स्वतंत्र देशाचा शस्त्र कायदा आला. मग तलवारीला पाणी देणाऱ्यानं करायचं काय? विळा, कढई, बादली. आणि किल्ली. बारीक कानस हातात धरायची सवय पिढ्यांची, ती किल्लीला उपयोगी पडली. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत शिकलगार हे नाव आहे, पण यादीत नाव असणं वेगळं आणि गावात चोरी झाली की पहिलं बोट कुणाकडं जातं ते वेगळं.

यानेचेकचंही असंच झालं होतं. लढाई संपली, हत्याराचं गिऱ्हाईक गेलं, हातातली विद्या दुसऱ्या कामाला लावावी लागली. त्याच्याकडं कारखाना होता आणि परदेशी कंपनीचे हक्क विकत घ्यायला पैसा होता, म्हणून त्याचं नाव टाकीवर आलं. यांच्याकडं भाता, ऐरण आणि पाल होतं. माझ्या अंगणात पत्र्याखाली दोघांचं काम समोरासमोर आलं होतं, आणि मी खुर्ची टाकून बघत बसलो होतो.

मी त्यांना १९७८ ची गोष्ट सांगितली. का सांगितली कोण जाणे. सेहेचाळीसेक वर्षं ती फक्त सौ.ला ठाऊक होती. सगळी सांगितली, पिशवी, भाकरी, कानशीचा तुकडा, अस्तरातली किल्ली. ते ऐकत होते, हात थांबला नाही. माझी गोष्ट संपली तेव्हा त्यांनी किल्ली उन्हात धरली, पाहिली आणि म्हणाले, "पोराचं नाव काय होतं?"

मला सांगता आलं नाही. हजेरीपटावर त्याचं नावच नव्हतं, दाखला नव्हता ना. आणि मी त्याला नावानं कधी हाक मारली होती की नुसतं 'ए सरदार' म्हणत होतो, तेही आठवेना.

ते काही बोलले नाहीत. किल्ली आत घातली, या वेळी जोर न लावता फिरवली. टक् असा आवाज झाला. "हँडल सरळ करा," म्हणाले. मी दोन्ही हातांनी धरून मान सरळ केली. त्या किल्लीवरून त्यांनी लगेच दुसरीही करून दिली आणि ही घरात ठेवू नका, शेजारी ठेवा, असं बजावलं. दोन्हींचे मिळून साडेतीनशे घेतले.

मग मी हेडलाइटवरचं भोक दाखवून म्हणालो, आता ही पण एक करून द्या. त्यांनी वाकून पाहिलं, करंगळीचं नख आत घालून पाहिलं आणि मोठ्यानं हसले. "गुरुजी, याला दातेच नाहीत. यात आमचं काय काम? खिळा आणा."

सौ.नं डब्यातून तीन इंची खिळा काढून दिला. त्यांनी तो व्हाईसमध्ये धरला, टोक उडवलं, कडा चार ओढींत गोल केल्या आणि माझ्या हातावर ठेवला. त्याचे पैसे घ्यायला ते तयार होईनात.

दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. खंडेनवमीला ती पुढच्या दारात उभी होती, टाकीला हळद-कुंकू, हँडलला झेंडूची माळ, आणि हेडलाइटवर तो खिळा. अजून तोच आहे.